१२३४५६७८९८७६५४३२१ या आकड्यात नेमकं आहे तरी काय?

भांडुपच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत. वर्गाच्या ग्रुपवर तिला एक फोटो आला: १×१=१, ११×११=१२१, १११×१११=१२३२१ अशी उतरंड, आणि सगळ्यात खाली १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. तिने तो शेवटचा आकडा वडिलांच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाकला, तर शेवटच्या दोन अंकांच्या जागी शून्यं आली. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. हा आकडा कशाकशाने भागला जातो? कॅल्क्युलेटर हात टेकतो तिथे हे वहीवर कसं काढायचं? दहा एकांची ओळ फोटोत का नाही? शेजारचे काका म्हणतात याचा डोंबिवलीशी संबंध आहे, ते खरं का?

मी दादरला ऑलिंपियाडच्या तयारीची मुलं घेऊन बसतो. हा आकडा माझ्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

एक्सेलचं आधी उरकू. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं. आपला आकडा १७ अंकी, म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसलं. ऑफिसात १६ अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये भरताना शेवटचा अंक शून्य होतो, तो याच कारणाने. आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तर तो मजकूर म्हणून जसाच्या तसा राहतो, पण मग त्याच्याशी नीट हिशेब करता येत नाही. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकलात तर आणखी गंमत: तिथे शेवट ३२१ ऐवजी ३२० येतो. साध्या ६४ बिटांच्या दशांश साठवणुकीत २ च्या ५३ व्या घातानंतर, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे, विषम संख्यांना जागाच नसते. आपली संख्या विषम, आणि त्या मर्यादेच्या पुढची. पायथनमध्ये मात्र पूर्णांक कितीही मोठा चालतो. मुलीला प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर तिथे पडताळून पाहू दे, पण वहीवर करून झाल्यावर.

आता मुख्य मुद्दा. या आकड्याचं सगळं रहस्य एका गोष्टीत आहे: १११११११११ ला स्वतःनेच गुणताना कुठेही हातचा येत नाही. गुणाकाराची उभी मांडणी करा. १११११११११ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच १ आहे, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं करत मधल्या रांगेत नऊ, आणि पुढे परत आठ, सात, सहा असे उतरत डावीकडे एकावर येतात. प्रत्येक रांगेची बेरीज ९ किंवा त्याहून कमी. म्हणून खाली उत्तर लिहिताना रांगेतले एक मोजायचे आणि तो अंक लिहायचा, एवढंच काम उरतं. चढत जाऊन उतरणारे हे अंक म्हणजे त्या मांडणीचा आकार आहे, बाकी काही नाही. मी मुलांना ही मांडणी चौकटीच्या कागदावर एकदा तरी पूर्ण करायला लावतो. नुसता फोटो बघून ‘वा!’ म्हणून पुढे गेलेलं मला चालत नाही.

फोटोत दहावी ओळ नाही कारण तिथे नक्षी मोडते. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या रांगेत दहा एक येतात: शून्य लिहायचं, हातचा १. डावीकडच्या रांगेत नऊ असतात, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा: पुन्हा शून्य, हातचा १. त्यापुढच्या रांगेत आठ अधिक एक नऊ, आणि तिथून पुढे सगळं सुरळीत. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून चढताना ८ नाहीसा झालाय तो बघा. हा नाहीसा झालेला आठ आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. अंकांचं सुलट-उलट सारखं असणं, चढणं-उतरणं हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दिसतं. संगणकवाले सोळाच्या पटीत मोजतात, तिथे ही उतरंड पंधरा एकांपर्यंत बिनधोक चालेल. म्हणून मी संख्येचे गुण दोन ढिगांत टाकतो: एक लिहिण्याच्या पद्धतीमुळे आलेले आणि दुसरे संख्येचे स्वतःचे. संख्या कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे, हे कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी बदलत नाही. खरी मजा दुसऱ्या ढिगात, असं माझं मत आहे. या आकड्यात मात्र दोन्ही ढीग एकमेकांत चांगलेच मिसळलेत, म्हणून तो मला आवडतो.

वाचायचा कसा, हेही मुलं विचारतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दहा, शंभर पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यात सतरावं स्थान ‘मध्य’, म्हणजे आपला सगळ्यात डावा १ मध्याच्या घरात बसतो. रोजच्या भाषेत म्हणायचं तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीचे कोटी आले म्हणून दचकू नका.

आता अवयव. सतरा अंकी संख्या बघून मुलं घाबरतात आणि २, ३, ५, ७ ने भागायला सुरुवात करतात. थांबा. वर्गाचे अवयव म्हणजे ज्याचा वर्ग केला त्या आकड्याचेच अवयव दोनदा. त्यामुळे १११११११११ फोडला की काम झालं. तो तीन-तीन अंकांच्या गटात बघा: १११, १११, १११. म्हणजे तो १११ × १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. झालं:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७.

इथे हुशार मूल विचारतं, आणि विचारायलाच हवं: ३३३६६७ आणखी फुटत नाही कशावरून? सरळ मार्ग असा की तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे आहे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एकशे सहा भागाकार! आठवीतल्या मुलीचा रविवार जाईल. पण इथे एक युक्ती आहे आणि ती शिकण्यासारखी आहे.

१ ला ३७ ने भागा: ०.०२७०२७०२७… आवर्तनाची लांबी ३. आता ३७ मधून १ वजा केला की ३६, आणि ३६ ला ३ ने भाग जातो. हा योगायोग नाही. २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, १ ला तिने भागून मिळणाऱ्या आवर्तनाची लांबी ही त्या संख्येतून १ वजा करून येणाऱ्या आकड्याला नेमकी भागते. १ ला ७ ने भागलं तर आवर्तन ६ अंकांचं, १३ ने भागलं तरी ६ अंकांचं, आणि ६ ने १२ ला भाग जातो. याच्या मुळाशी फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० साली एका पत्रात मांडलेलं प्रमेय आहे.

आता ३३३६६७ चा एखादा मूळ अवयव असेल तर तो १११११११११ चाही अवयव, म्हणून ९९९९९९९९९ चाही. नऊ नऊंना ज्याने भाग जातो त्याचं आवर्तन ९ अंकांत बसायला हवं, म्हणजे लांबी १, ३ किंवा ९. लांबी १ असलेली मूळ संख्या फक्त ३. लांबी ३ असलेली फक्त ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागलं तर बाकी १, म्हणून ३७ बाद. उरलं ९. म्हणजे तो अवयव असा हवा की त्यातून १ वजा केल्यावर ९ ने भाग जावा. अवयव विषम असल्याने १ वजा केल्यावर २ नेही भाग जातो, म्हणून १८ ने. आधीच बाद झालेला ३७ सोडला तर ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा. १९ ने भागलं तर बाकी ८, ७३ ने बाकी ५७, शेवटच्या ५७७ ने बाकी १६१. मधले भागाकार मुलीला करू द्या. एकानेही नि:शेष भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ संख्या. एकशे सहाचं काम सोळावर आलं, आणि तेही कागद-पेन्सिलीने.

७, ११, १३ ने भाग जातो का हे मुलं तरीही विचारतात. अवयव मिळालेत म्हणजे उत्तर ‘नाही’ हे ठरलेलंच आहे, पण पडताळायचं असेल तर उजवीकडून तीन-तीन अंक घेऊन आलटून पालटून अधिक-वजा करा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ३०९ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. संपलं.

पूर्ण वर्ग ओळखण्याच्या ज्या पाठ्यपुस्तकी खुणा असतात, म्हणजे एकक स्थानी १, अंकांची बेरीज करत गेलं की ९, त्या इथे जुळतात. पण त्या खुणांवर विसंबू नका. त्या फक्त ‘नाही’ सांगू शकतात, ‘हो’ कधीच नाही.

अवयव हातात आले की बाकीचे गुण आपोआप येतात. विभाजक किती? ३ चे चार घात, म्हणून पाच पर्याय (एकही ३ न घेण्यापासून चारही घेण्यापर्यंत), ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, कारण संख्या वर्ग आहे: विभाजक जोड्यांनी येतात, फक्त मधला १११११११११ स्वतःचाच जोडीदार. या ४५ जणांत काही फार देखणे आहेत. १२३४५६७९ आहे (त्यातही ८ नाही!), ३००३००३ आहे, १००१००१ आहे, ९९९९९९९९९ सुद्धा आहे. शेवटचा तपासायचा असेल तर आपली संख्या उजवीकडून नऊ अंकांवर तोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. दोन्हींची बेरीज करा. ९९९९९९९९९! ज्या कारणाने अंकांच्या बेरजेवरून ९ ची कसोटी चालते, त्याच कारणाने नऊ-नऊ अंकांच्या गटांच्या बेरजेवरून ९९९९९९९९९ ची कसोटी चालते. म्हणजे आपली संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९.

सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८, संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे ही ‘परिपूर्ण संख्या’ नाही. ६ किंवा २८ प्रमाणे स्वतःच्या लहान विभाजकांची बेरीज स्वतःएवढी भरत नाही. खरं तर एवढी बेरीज न करताही हे सांगता आलं असतं. विषम वर्गाचे सगळे विभाजक विषम असतात आणि त्यांची संख्याही विषम, म्हणून बेरीज विषम. परिपूर्ण संख्येत ती दुप्पट, म्हणजे सम, भरायला हवी. एका ओळीत निकाल. आकडेमोड करण्याआधी एक मिनिट विचार केला तर अर्धा तास वाचतो, हे मी वर्गात दर आठवड्याला सांगतो आणि दर आठवड्याला कोणीतरी आधी पेनच उचलतं.

आता भूमिती. नववी-दहावीत पायथागोरसची त्रिकूटं येतात: ३, ४, ५ किंवा ५, १२, १३. १११११११११ हा कर्ण असलेला, तिन्ही बाजू पूर्णांक असलेला काटकोन त्रिकोण आहे का? आहे, आणि नेमका एकच. नियम असा की कर्णाच्या ज्या मूळ अवयवाला ४ ने भागून बाकी १ उरते, तोच इथे कामाचा. ३ ची बाकी ३, ३३३६६७ ची बाकी ३ (शेवटचे दोन अंक ६७ बघा), फक्त ३७ ची बाकी १. ३७ चं त्रिकूट १२, ३५, ३७: १४४ + १२२५ = १३६९. हे तिन्ही ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१.

आकड्यांची ही लय बघून मुलं खूश होतात, पण तीही ३००३००३ मधल्या शून्यांची करामत आहे, हातचा नाही म्हणून. उलट १११११११११ ही काटकोनाची बाजू धरली तर त्रिकोण भरपूर मिळतात, बरोब्बर २२. ४५ विभाजकांमधून मधला वगळला की २२ जोड्या, प्रत्येक जोडीचा एक त्रिकोण. १ आणि संख्या स्वतः ही जोडी घेतली तर बाजू १११११११११ आणि ६१७२८३९४९३८२७१६०, कर्ण ६१७२८३९४९३८२७१६१. कागदावर काढायला गेलात तर रेघच दिसेल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. १ ला आपल्या संख्येने भागा.

आधी एक छोटी पायरी. १ ला ९९९९९९९९९ ने भागलं तर ०.००००००००१ ००००००००१ ००००००००१… असं येतं, म्हणजे नऊ-नऊ अंकांचा डबा धरला तर प्रत्येक डब्यात १. आता या दशांशाचा वर्ग करा. पुन्हा तीच उभी मांडणी, एकांच्या ओळी एकेक डबा सरकत गेलेल्या. फरक इतकाच की ओळी कधी संपतच नाहीत, त्यामुळे चढण आहे, उतरण नाही. पहिल्या डब्यात ०, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, चौथ्यात ३… आणि ९९९९९९९९९ चा वर्ग म्हणजे आपल्या संख्येची ८१ पट (९ × १११११११११ चा वर्ग). म्हणून १ ला आपल्या संख्येने भागायचं म्हणजे या डब्यांना ८१ ने गुणायचं:

०.००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ ००००००४०५ …

८१ चा पाढा! एकामागून एक, नऊ-नऊ अंकांच्या डब्यांत. हा पाढा कुठवर चालतो? डब्यात नऊच अंक मावतात, म्हणून ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ इथपर्यंत. त्यापुढचा ८१ × १२३४५६७९ म्हणजे ९९९९९९९९९. हाही डब्यात मावला असता. पण त्याच्या पुढचा १०००००००८० दहा अंकी होतो, तिथून हातचा १ येतो, ९९९९९९९९९ चं ००००००००० होतं आणि त्याचा हातचा मागे जाऊन ९९९९९९९१८ चं ९९९९९९९१९ करतो. शून्यांचा डबा आला, पुढे ८१, पुढे १६२… पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू!

म्हणजे एका आवर्तनात डबे १२३४५६७९, प्रत्येकी नऊ अंक. गुणा: १११११११११. आपल्या संख्येने १ ला भागलं तर आवर्तनाची लांबी तिच्या वर्गमूळाएवढी, बरोब्बर १११११११११ अंक येते. ११ कोटींहून जास्त अंक. पानावर दोन हजार अंक मावतात असं धरलं तर पंचावन्न हजारांहून जास्त पानं लागतील, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ८१ चा पाढा, शेवटच्या डब्यात एकाने चूक. हरवलेल्या आठाचं कोडंही इथेच सुटतं. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… तिथे डबा एकाच अंकाचा. ०, १, २ करत ७ पर्यंत येतं, ८ आला की पुढच्या ९ आणि १० मुळे हातचा मागे येतो आणि ८ चा ९ होतो. दहा एकांच्या वर्गात आठ नाहीसा झाला होता, तोही असाच हातचा मिळून ९ झाला होता. दोन्ही ठिकाणी चोर एकच.

डोंबिवलीबद्दल काका बरोबर बोलले. तो संबंध जुळतो गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला, आणि १९३० पासून निवृत्तीपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर. विद्यापीठातली खुर्ची नाही, मोठी पदवी नाही. मिळेल त्या वेळात संख्यांशी खेळायचे. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात तो त्यांचाच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग बाहेरच्या जगाला नाव कळलं. आपल्याकडच्या गणितवाल्या मंडळींनी त्यांचं काम बराच काळ ‘करमणूक’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि मला तो दृष्टिकोन कधी पटला नाही. वर १०६ भागाकारांचे १६ झाले ते अशाच करमणुकीतून सुरू झालेल्या प्रश्नामुळे. तर कापरेकरांनी १, १२१, १२३२१ या कुटुंबातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. जीआयपी रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. तेच आजचं डोंबिवली. आपला सतरा अंकी आकडा त्या कुटुंबातला शेवटचा, जिथपर्यंत चढण-उतरण अखंड राहते.

आणखी एक कापरेकरी गुण यात आहे. अंकांची बेरीज करा: १ पासून ९ पर्यंत आणि परत १ पर्यंत, ८१. आणि संख्येला ८१ ने नि:शेष भाग जातो, कारण अवयवांत ३ चार वेळा आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिलं. ‘बेरीज नऊ येते म्हणजे भाग्यवान’ असं ग्रुपवर कोणी लिहिलं असेल तर हसून सोडून द्या. गाडीला बेरीज नऊ येणारा नंबर मिळावा म्हणून लोक आरटीओत जादा पैसे भरतात. ९ च्या कुठल्याही पटीची बेरीज शेवटी नऊच येते, आणि दर नऊ आकड्यांमागे एक ९ ची पट असतेच.

मुलीला हाताने करून बघायचं असेल तर सतरा अंकी संख्येच्या मागे लागू नका. उतरंडीतली तिसरी ओळ घ्या, १२३२१. तीही आपल्या संख्येचा विभाजक आहे: १२३२१ × १००२००३००२००१ केलं की आपला आकडा येतो. १ ला १२३२१ ने भागायला लावा. डबे तीन-तीन अंकांचे: ०.००० ०८१ १६२ २४३ ३२४ ४०५ ४८६ ५६७ ६४८ ७२९ ८१० ८९१ ९७३ ०५४ १३५… पहिले बारा डबे पाठोपाठ पाढा म्हणतात, तेराव्यात ९७२ ऐवजी ९७३. का, ते तिने सांगायचं. इथे शून्याचा डबा लगेच येत नाही, कारण ९९९ ला ८१ ने भाग जात नाही, त्यामुळे पाढा ९९९ वर नेमका टेकत नाही. पूर्ण आवर्तन १११ अंकांचं, म्हणजे ३७ डबे. हे ३७ कुठून आले, तो पुढचा प्रश्न. आणि जमलं तर १ ला १२१ ने भागल्यावर आवर्तन ११ अंकांचं का येत नाही, २२ अंकांचं का येतं, तोही.